पाचची बाटली की दहाची?

परवा गॅरेजात तुम्ही विचारलंत, “काका, नायट्रसची बाटली केवढी घेऊ? पाच पौंडाची की दहाची?” नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, इंजिनात सोडला की थोडा वेळ ताकद वाढवणारा गॅस. मी गाडीखाली आडवा होतो, म्हणून नुसतं ‘दहाची’ म्हणालो. भोसरीत आमच्याकडे महिन्यातून दोनतीन पोरं तरी हेच विचारतात, तेव्हा एकदाच नीट लिहून टाकतो.

बाटली मोठी म्हणजे ताकद जास्त, असं बरेच जण धरून चालतात. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली म्हणून नळाची धार वाढत नाही. धार ठरते जेटच्या, म्हणजे नायट्रस इंजिनात सोडणाऱ्या तोटीच्या, भोकावर. ५० हॉर्सपॉवरचा शॉट, म्हणजे नायट्रसने मिळणारी वाढीव ताकद, पाचच्या बाटलीवरही तेवढाच आणि दहाच्याही तेवढाच. बाटली ठरवते ती फक्त किती वेळ पुरणार ते.

१०० हॉर्सपॉवरच्या शॉटला दहा सेकंदांत अदमासे ४०० ग्रॅम नायट्रस जातं. माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला ५० चा शॉट आहे. पहिल्या गिअरमध्ये चाकं नुसती फिरतात, म्हणून मी दुसऱ्यात गेल्यावरच बटण दाबतो. ड्रॅग रेसच्या ४०२ मीटरच्या एका रनला बटण दाबलेलं धरा बारा सेकंद, म्हणजे पाव किलोच्या आतबाहेर. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो. कागदावर नऊ रन झाले. प्रत्यक्षात सहा. बाटली रिकामी होत आली की दाब उतरतो, नायट्रस कमी जातं, पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं. गाडी गुदमरते आणि रनला वेळ जास्त लागतो. शेवटचा तिसरा हिस्सा माझ्या हिशेबात मी धरतच नाही.

दहाचा खरा फायदा मला रनांच्या संख्येपेक्षा दुसराच वाटतो. प्रत्येक रनला आतलं द्रव उकळतं आणि बाटली गार पडते. बटण सोडल्यावर हात लावून बघा, घाम आलेला असतो. गार पडली की दाब घसरला. आत माल जास्त असेल तर तेवढ्याच खर्चात ती कमी गार होते. पहिला रन आणि तिसरा रन सारखा निघतो. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रन मारायला गेलात तर बाटली भरून द्यायला कोणी बसलेलं नसतं, हेही आहेच.

आत किती उरलंय ते बाटलीवरचा दाबाचा गेज सांगत नाही. द्रव शिल्लक आहे तोवर काटा फक्त तापमान सांगतो: २० अंशाला साडेसातशे पीएसआयच्या आत, ३० ला नऊशेच्या जरा वर. डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला सहाशेसुद्धा भरत नाही. म्हणून बाटली वजनावर घ्यायची. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा आहे की नाही ते आपण रिकाम्या टाकीचं वजन वजा करूनच बघतो ना, तसंच.

हे मी एकदा केलं नाही. भरून देणारा म्हणाला, “दादा, तुमच्यासाठी अर्धा किलो वरून घातलंय.” भाजीवाली कोथिंबीर वर टाकते तसं वाटलं, खूश झालो. मे महिना, गाडी उन्हात, काचा बंद, बाटली डिकीत. नायट्रसची गंमत अशी की ३६.४ अंशांच्या वर ते द्रव राहतच नाही, आणि जास्त भरलेल्या बाटलीत त्याला पसरायला जागा उरत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला धाडकन आवाज झाला. मला वाटलं शेजारच्या शेडमध्ये ट्रकचं टायर फुटलं. बघतो तर माझ्या डिकीच्या फटींतून पांढरं धुकं. वाल्वची सेफ्टी डिस्क फुटली होती. दाब फार वाढला की बाटलीऐवजी तिनेच फुटायचं असतं, म्हणजे तिने तिचं काम चोख केलं. मागच्या सीटची पाठ गोठून कडक झाली होती, बोट मारलं तर टकटक वाजत होती. आत कोणी बसलेलं नव्हतं, नाहीतर त्या धुक्यात श्वास घ्यायला हवाच उरली नसती. तेव्हापासून डिस्कचा पाइप गाडीच्या बाहेर काढलेला आहे, आणि एप्रिल-मेमध्ये बाटलीवर ओला पंचा असतो. नायट्रसच्या किटबरोबर बाटली गरम ठेवणारा हीटर येतो, तो पुण्यात मी फक्त थंडीत लावतो.

बसवताना वाल्व पुढे, लेबल वर. आतली नळी मागच्या बाजूला खाली वाकलेली असते आणि गाडी सुटली की द्रव मागेच सरकतं. उलटी बसवलीत तर दहाची बाटलीही अर्ध्यावरच संपल्यासारखी वागते.

रस्त्यावर हे चालवायचं नाही. गाडीतल्या फेरबदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसी आणि विमा दोन्ही गोत्यात येतात. बाटलीही नागपूरच्या पेसोची, म्हणजे गॅस सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता असलेलीच हवी. दवाखान्याच्या निळ्या सिलिंडरातून भरून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

तुमची गाडी आठवून बघतोय. तुम्ही ३५ चा शॉट म्हणत होतात, आणि वर्षातून एखाददुसऱ्यांदा जाणार. मग पाचची पुरे, माझं ‘दहाची’ मागे घेतो. आणलीत की भरायच्या आधी गॅरेजवर घेऊन या. रिकामी असतानाच काट्यावर ठेवू आणि वजन लेबलवर मार्करने लिहून टाकू.