भिंतीपलीकडचा पिक्चर

पिक्चरचं वेड मला कानातून लागलं. दहावीच्या आधीची दोन वर्षं शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बंद, अभ्यास म्हणून, आणि शेजारच्या काकूंकडे दूरदर्शनवरचा मराठी चित्रपट एकदम मोठ्या आवाजात, मधे एकच भिंत. मी पुस्तक उघडं ठेवून भिंतीला टेकून बसायचो. दार वाजलं की कोण आलं असेल, बाई बोलता बोलता गप्प झाली म्हणजे रडतेय की निघून गेली, सगळं मनातच बघायचो. पुढे त्यातले काही पिक्चर खरोखर बघितले तेव्हा पडद्यावरचं घर मला लहानच वाटलं, माझ्या डोक्यात ते केवढं तरी मोठं होतं.

तेव्हापासून कान आधी जातात. मित्र लेन्स, लाइट, फ्रेमबद्दल बोलत असतात, मलाही आवडतं ते, पण मी घरी येतो तो बादलीच्या कडीचा आवाज डोक्यात घेऊन.

प्रभातचा १९३७ चा 'कुंकू' बघा, व्ही. शांतारामांचा. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याला नवरा मानायला साफ नकार देते. आणि या अख्ख्या पिक्चरला बॅकग्राउंड म्युझिक नाही! जे ऐकू येतं ते घरातलं नाहीतर रस्त्यावरचं. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे आवाज हाताशी येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली, आणि एवढ्यात कुणाला तरी वाटलं की इथे व्हायोलिन नको, घड्याळच बोलू दे. मला हे धाडस आजही फार मोठं वाटतं. आत्ताच्या कितीतरी पिक्चरमध्ये एक सेकंद शांतता सहन होत नाही, पात्राच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी बासरी हजर.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) तर मी त्या एका सीनसाठी किती वेळा बघितला असेन. जब्या या शाळकरी पोराचं घरदार डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर आता हाती लागणार, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या आहे तिथे ताठ उभा राहतो, मग घरचेही थांबतात, आणि डुक्कर निघून जातं. फ्रेमच्या बाहेरून येणारा एक आवाज फ्रेममधल्या माणसांना जागच्या जागी खिळवतो, कुणी एक शब्द बोलत नाही आणि अख्खी व्यवस्था कळते. मी थिएटरमध्ये पहिल्यांदा बघत होतो तेव्हा आपण उठायचं की बसायचं हेच सुचेना.

आपल्याकडे मधली कित्येक वर्षं शूटिंगचा कॅमेराच इतका घरघरायचा की सेटवरचा आवाज वापरता येत नसे, मग नट नंतर स्टुडिओत उभे राहून स्वतःच्याच ओठांवर संवाद डब करायचे आणि पावलं, बांगड्या, कपबशा फॉलीवाले पडद्याकडे बघत बघत पुन्हा वाजवायचे. ती कलाच आहे, त्याबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण सिंक साउंडमध्ये, म्हणजे शूटिंगच्या वेळीच सेटवर रेकॉर्ड केलेल्या आवाजात, वाक्याआधी घेतलेला श्वास मिळतो ना, तो स्टुडिओत एसीमध्ये उभं राहून परत आणणं अवघडच.

हे मला स्वतः शॉर्टफिल्म करताना कळलं. पहिल्या वेळी दोन संवादांमधला आवाज मी एडिटमध्ये पूर्ण कापला आणि तिथे भोक पडल्यासारखं झालं, कारण रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, पंखा, ट्यूबलाइट, लांबची रिक्षा. त्याला रूम टोन म्हणतात. आता प्रत्येक लोकेशनवर शूट संपलं की सगळ्यांना जागेवर थांबवून मी एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करतो.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या घरात शूट होतं, त्याच अभ्यासाच्या खोलीत. आई चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबलेली, कुणी हलत नव्हतं, मी हेडफोन लावून बसलो होतो आणि चाळिसाव्या सेकंदाला भिंतीपलीकडे काकूंनी टीव्ही लावला. टेक तसाच ठेवलाय.