सेट झालं का भाऊ?

इंग्रजीतला आवडता शब्द कोणता असं कोणी विचारलं तर मी सरळ 'सेट' सांगतो. एवढुसा शब्द, पण 1989 च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत त्याच्या नुसत्या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेत! पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'चे 645 भरले अन् 'सेट' मागे पडला, त्या एका 'रन'वर पीटर गिलिव्हर या संपादकांचे नऊ महिने गेले म्हणे. तरी माझं मन 'सेट'वरच, कारण तो आपल्या नागपुरात रोज राबतो.

इतवारीच्या सराफ्यात हार अन् कानातले मिळून सेट, जामठ्याला मॅच असली की "आता सेट झाला बे, काढते हा शंभर", शेजारच्या पोट्ट्याची नोकरी पुण्याला सेट झाली, अन् कोणाची कुठं सेटिंग चालू आहे हे तर चहाच्या टपरीवर आधी कळते. सेट परीक्षा यात धरू नका, ती तीन शब्दांची आद्याक्षरं आहेत.

पण खरी मजा अशी की हे मुळात दोन वेगवेगळे शब्द आहेत. दागिन्यांचा सेट, म्हणजे गट या अर्थाचा, जुन्या फ्रेंचमधून आला अन् त्याचं मूळ लॅटिन 'सेक्टा', ज्याच्यातून पंथ या अर्थाचा 'सेक्ट' निघाला. ठेवणे, बसवणे हा 'सेट' मात्र अस्सल जुना इंग्रजी, 'सिट'चा प्रयोजक. आपल्या बसणे-बसवणे सारखंच! त्याचं मूळ अन् संस्कृतातला 'सद्' धातू एकाच घरातले, म्हणजे सदन अन् उपनिषद यांचा हा लांबचा भाऊच. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. मग डॉक्टर हाड 'सेट' करतात अन् आपण हाड 'बसवतो', हे आपोआप जुळते.

आता सिमेंटचा सेट बघा, आमच्या बाजूला घर बांधून राहिले तिथं रोज दिसते. मिस्त्री प्लास्टरवर अंगठा दाबून पाहते, ठसा उमटला की म्हणते "थांबा, सेट नाही झालं अजून". भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटला सेट व्हायला सुरुवात 30 मिनिटांच्या आत व्हायला नको अन् 600 मिनिटांत ते पूर्ण सेट झालं पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 ला टेकला की माल लवकर आवळते, म्हणून स्लॅब टाकायचा तर पहाटेच सुरू करणं बरं. अन् सेट झालं म्हणजे मजबूत झालं असं नाही हं! मजबुती 28 दिवसांनी तपासतात, तोवर पाणी मारत राहा. हा फरक घर बांधणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असं मला फार वाटते, लोक दोन दिवसांत तराई सोडून देतात अन् मग भेगा पडल्या की मिस्त्रीला बोलतात.

मॅचमधला सेट अन् सिमेंटचा सेट माझ्या मते एकाच जातीचे, दोघंही जागेवर बसले. सेटिंगला मात्र काही लोक नाक मुरडतात, चुकीचं इंग्रजी म्हणतात. मला नाही पटत. 430 अर्थ झाले ते लोकांनी वापरूनच झाले ना, मग आपला एक अजून.

अन् पोरांनो, भूतकाळातही ते 'सेट'च राहते, 'सेटेड' लिहू नका.