रिटेकचा हिशेब

माझा तिसरा लघुपट १४ मिनिटांचा आहे आणि त्यावर माझे ३१ हजार ४०० रुपये खर्च झाले. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम ध्वनिमुद्रणावर गेली, उरलेली पेट्रोल आणि चहा-नाश्त्यात संपली. चित्रण माझ्याच मोबाइलवर केले आणि संकलन डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर. हे आकडे मी बरेच दिवस लोकांना मोठ्या अभिमानाने ऐकवत असे. आता ते सांगताना अडखळतो, कारण त्या हिशेबातला एक रकाना मी कोराच ठेवला होता.

लघुपट ऊसतोडणीवर आहे. मी जयसिंगपूरचा. दिवाळी सरली की शिरोळ तालुक्यात शेतांच्या कडेने कोप्या म्हणजे मजुरांच्या झोपड्या उभ्या राहतात, बीडकडच्या तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, हे मी लहानपणापासून पाहत आलो. पाहत आलो म्हणजे ट्रॉलीमागे अडकून चडफडत आलो, इतकेच. उसाच्या फडात पाय ठेवला तो कॅमेरा हातात आल्यावर.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, हे मला ऐकून ठाऊक होते. त्याचा अर्थ फडात कळला. त्या जोडप्याने हंगामापूर्वी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती टनाटनाने फेडायची असते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर दंड.

हे सगळे वहीत टिपून घेतल्यानंतरही दुसऱ्या दिवशी मी एका बाईंना म्हणालो, “मावशी, ऊन डोक्यावर यायच्या आत एकदा परत तसेच तोडाल का? मघाशी फोकस हलला.” त्यांनी कोयता खाली न ठेवताच विचारले, “तोडलेला ऊस परत उभा ऱ्हातो का दादा?” आजूबाजूचे हसले, मीही हसलो. मग त्यांनी माझ्या समाधानासाठी पुढचा ऊस सावकाश, कॅमेऱ्याकडे तोंड करून तोडला. ते चित्रण पूर्णपणे खोटे उतरले, कारण त्यांचा हात एरवी तसा कधीच चालत नाही. अशा सहा रिटेकमध्ये त्यांचा जवळजवळ पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात किती मोळ्या झाल्या असत्या, हा तो कोरा रकाना. चित्रपटाचे बजेट कमी असते तेव्हा आपण पैशाऐवजी वेळ खर्च करतो असे म्हणतात. तो वेळ कोणाचा, हे मात्र कोणी विचारत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ केली तेव्हा कुंडीतल्या वाटाण्याचे एकेक चौकट करत अनेक दिवस चित्रण केले. ती चिकाटी थोरच. पण त्या वाटाण्याला टनावर मजुरी नव्हती.

तिसऱ्या दिवसापासून मी कोणालाही काहीही पुन्हा करायला सांगितले नाही. त्यामुळे कामाची पद्धतच बदलली. ऊस बुडापासून तोडायचा, पाचट म्हणजे वाळलेला पाला काढायचा, शेंड्याचे हिरवे वाढे छाटायचे, मोळी बांधायची, हा क्रम दिवसभर शेकडो वेळा घडतो. म्हणजे रिटेक समोर चालूच असतो, तो दिग्दर्शकाच्या हुकमाने होत नाही एवढेच. मी एका सरीच्या टोकाला बसून राहू लागलो. चुकलेला क्षण काही मिनिटांत पुढच्या उसावर परत येई, आणि त्यात हात खरा असे.

आवाजाने मात्र फार छळले. पदराआड लावलेल्या माइकवर बांगड्या वाजत आणि पाचटाची सळसळ शब्द गिळून टाकी. जवळून जाणारा ट्रॅक्टर तर गाणी एवढ्या मोठ्याने लावून जाई की संवाद टाकूनच द्यावा लागे. शेवटी संवाद मी पहाटे चार वाजता, चुलीपाशी, भाकरी थापल्या जात असताना घेतले. तिथे बोलल्याने कोणाचे काम अडत नव्हते. लघुपटातला सर्वांत चांगला भाग तोच आहे, आणि तो मला नाइलाजाने मिळाला.

टोळी परतण्याआधी, मार्चमध्ये, बैलगाडीवर लॅपटॉप ठेवून मी तो कोपीसमोर दाखवला. मुले स्वतःला पाहून ओरडत होती. मावशींनी शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, “चांगलं हाय. पण गाडी भरायची ऱ्हाऊनच गेली की.” खरेच राहिली होती. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे ते सर्वांत जड काम बहुधा अंधारात होते, आणि अंधारात माझा मोबाइल चित्राऐवजी नुसते दाणे दाखवतो म्हणून मी रात्री घरी जात होतो.

यंदा टोळी येईल तेव्हा रात्री थांबणार आहे. ट्रकचा मागचा दिवा आणि दोन चार्जिंगचे बल्ब एवढ्या उजेडात काय दिसते ते आमच्या अंगणात करून पाहिले. चेहरे दिसत नाहीत, पण फळीवर चढणारी पावले दिसतात.