ॲक्सलवरची हिरवी रेघ

पोलादातले डोळ्यांना न दिसणारे तडे शोधणे हा माझा व्यवसाय आहे. सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांमध्ये मिलचे शाफ्ट आणि क्रेनचे हुक तपासून मी या कामाची सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात अशाच तपासण्या करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला लागलो. तिथल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक निराळे काम येते. बर्फाचे दिवस सुरू झाले की करमणुकीची मोठी उद्याने बंद होतात आणि रोलर कोस्टरच्या गाड्या कार्यशाळेत नेऊन शेवटच्या बोल्टपर्यंत सुट्या केल्या जातात. निर्मात्याने नेमून दिलेले भाग मग आमच्यासारख्या तपासनिसांपुढे येतात. अशाच एका हिवाळ्यातला एक दिवस इथे लिहून ठेवतो आहे. उद्यान कोणते हे गोपनीयतेच्या करारामुळे सांगता येणार नाही. यंत्र मात्र बोलिगर अँड माबियार या स्विस कंपनीचे होते. मराठी वाचकांपैकी कोणी खोपोलीच्या इमॅजिकामध्ये नायट्रोत बसले असेल, तर त्यांनी याच कंपनीची कारागिरी अनुभवली आहे.

आमच्यासमोरचे यंत्र 'इन्व्हर्टेड' प्रकारचे होते. या प्रकारात गाडी रुळाखाली लटकते, प्रवाशांचे पाय अधांतरी असतात आणि चाकांचा सगळा संच डोक्यावर असतो. प्रत्येक संचात तीन तऱ्हेची चाके असतात. भार वाहणारी चाके रुळावरून धावतात, दुसरी बाजूने टेकतात आणि तिसरी रुळाच्या खालच्या अंगाला लागून गाडीला रूळ सोडू देत नाहीत. चाकांवर पॉलियुरेथेनची धाव असते. ती झिजते आणि बदलता येते. चाके ज्यावर बसतात त्या ॲक्सलचे, म्हणजे आसाचे, तसे नसते. दर फेरीत त्याच्यावर ताण येतो आणि उतरतो, आणि उन्हाळ्याच्या हंगामात अशा फेऱ्या दिवसभर चालतात. पोलाद एका झटक्यात क्वचितच दगा देते. ते थकते, आणि त्या थकव्याची पहिली खूण बहुधा ॲक्सलचा व्यास जिथे बदलतो त्या खांद्यावर, केसापेक्षा बारीक अशा तड्याच्या रूपाने उमटते.

कार्यशाळेचा प्रमुख साठीच्या पुढचा, मोजके बोलणारा गृहस्थ होता. यंत्र उभारले गेले तेव्हा तो तिथे साधा फिटर होता. त्याने माझ्यापुढे निर्मात्याचे जाडजूड देखभाल-पुस्तक उघडून ठेवले. कोणता भाग, त्यावरची नेमकी कोणती जागा, तपासणीची कोणती पद्धत आणि किती काळाने, हे सारे त्यात आकृत्यांसह दिलेले होते. माझ्या व्यवसायात अशा पुस्तकांचा दर्जा फार कमी-अधिक असतो. काही निर्माते 'सर्व महत्त्वाचे सांधे तपासावेत' एवढे मोघम वाक्य लिहून मोकळे होतात आणि महत्त्वाचे कोणते ते ठरवण्याची जबाबदारी तपासनिसावर येऊन पडते. या पुस्तकात तसली पळवाट कुठे दिसली नाही.

आमची पद्धत चुंबकीय कणांची. सोललेल्या, स्वच्छ पुसलेल्या पोलादावर योक नावाचे दोन पायांचे विद्युतचुंबक टेकवायचे आणि लोहकण मिसळलेला द्रव वरून सोडायचा. तडा असेल तिथे चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागाबाहेर सांडते आणि कण त्या रेषेवर गोळा होतात. कणांवर चढवलेला रंग अतिनील प्रकाशात पिवळट हिरवा चमकतो. त्यासाठी खोली अंधारी करावी लागते, वीस लक्सपेक्षा जास्त साधा उजेड चालत नाही, आणि अंधाराची सवय होईपर्यंत डोळ्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला योकने साडेचार किलोचा ठोकळा उचलून दाखवायचा असतो, नाहीतर त्याच्यात पुरेसे बळ आहे याची खात्री होत नाही. मग प्रत्येक जागा दोन दिशांनी चुंबकित करायची, कारण क्षेत्राच्या दिशेने धावणारा तडा लपून राहतो आणि त्याला आडवा छेद गेला तरच तो दिसतो.

सकाळचे ॲक्सल निर्वेध गेले. डोळ्यांना विश्रांती म्हणून आम्ही बाहेर येऊन कॉफी घेत असताना त्या अबोल माणसाला प्रथमच बोलताना ऐकले, तेही त्याच्या आवडीच्या विषयावर, म्हणजे या कंपनीवर. वॉल्टर बोलिगर आणि क्लोद माबियार हे दोघे अभियंते मोंते या स्वित्झर्लंडमधल्या छोट्या गावातील जिओव्हानोला या पोलादी बांधकामाच्या कारखान्यात कामाला होते. तो कारखाना इंटामिन या दुसऱ्या स्विस कंपनीसाठी रोलर कोस्टर तयार करून देत असे. तिथला अनुभव घेऊन दोघे बाहेर पडले आणि १९८८ साली त्यांनी मोंतेमध्येच स्वतःची कंपनी काढली. पहिले यंत्र होते शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका उद्यानातील 'आयर्न वुल्फ', ज्यात प्रवासी उभ्यानेच प्रवास करत. ते १९९० साली सुरू झाले. दोनच वर्षांनी त्याच उद्यानात 'बॅटमॅन द राइड' आले आणि गाडी रुळाखाली टांगण्याची कल्पना जगभर पसरली. आमच्यासमोरचे यंत्र त्याच वंशातले.

पोलादाचे काम तो चहूबाजूंनी पाहत असल्यामुळे त्याच्या बोलण्यात रुळाचा विषय येणे ओघानेच आले. या कंपनीचा रूळ लांबूनही ओळखता येतो. दोन गोल नळ्यांच्या मागे चौकोनी पेटीसारखा जाड कणा असतो, आणि तोच सगळा भार पेलतो. कंपनीने स्वतःचा मोठा पोलाद कारखाना कधी उभारला नाही. मोंतेत आराखडे तयार होतात, आणि अमेरिकेतल्या यंत्रांचे रूळ ओहायोतल्या बटेव्हिया गावच्या क्लेरमाँट स्टील फॅब्रिकेटर्स या कारखान्यात वाकवून जोडले जातात. मी राहत होतो तिथून तो कारखाना फार लांब नव्हता, आणि महामार्गावरून अवाढव्य ट्रकांवर पहुडलेले रंगीत वाकडे रूळ जाताना मी पाहिलेही होते. ते कसले, हे त्या दिवशी उमगले.

मला त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट विशेष वाटली. नवे काही काढताना ही कंपनी घाई करत नाही, पण काढते तेव्हा ते बहुधा टिकते. १९९८ मध्ये इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये 'ऑब्लिव्हियन' आला, जो प्रवाशांना कड्याच्या काठावर क्षणभर थांबवून जवळजवळ सरळ खाली सोडतो. पुढच्या वर्षी न्यू जर्सीत तळ नसलेल्या डब्यांची 'मेड्युसा' सुरू झाली. नायट्रोही याच प्रकारातला आहे. २००२ मध्ये आल्टन टॉवर्सलाच प्रवाशांना पालथे निजवून उडवणारे 'एअर' आले, २०११ मध्ये इटलीतल्या गार्डालँडमध्ये रुळाच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या आसनांचे 'रॅप्टर'. आणि ज्या उभ्या प्रवासापासून सुरुवात झाली होती तो प्रकार मागे पडल्यावरही या मंडळींनी तो टाकून दिला नाही. २०२३ मध्ये ऑरलँडोच्या सी-वर्ल्डमध्ये प्रवाशाबरोबर आसनही खालीवर होणारा त्याचा नवा अवतार त्यांनी आणला. 'आयर्न वुल्फ'ची कथा तर त्याने रंगवून सांगितली. ते यंत्र मेरिलँडमधल्या उद्यानात हलवून २०१२ साली नव्या नावाने सुरू झाले आणि २०१९ मध्ये त्याच रुळांवर तळ नसलेल्या डब्यांची गाडी चढवून ते 'फायरबर्ड' झाले. पहिल्या यंत्राच्या रुळावर नंतरच्या पिढीची गाडी धावली, याचा त्याला घरच्या माणसासारखा अभिमान होता.

दुपारी, तिसऱ्या डब्याच्या ॲक्सलवर, ती रेघ दिसली.

ती खांद्याच्या गोलाईतच होती, ॲक्सलच्या लांबीला आडवी, साधारण बोटाच्या पेराएवढी. थकव्याचा तडा जिथे आणि ज्या दिशेने यायचा, तिथेच आणि त्याच दिशेने. काळ्या अंधारात ती हिरवी चमक पाहून माझ्या मदतनिसाने श्वास रोखल्याचे मला ऐकू आले. मी काही न बोलता खडूने जागा दाखवली, पृष्ठभाग पुसला आणि पुन्हा द्रव सोडला. रेघ पुन्हा उमटली. दहापट भिंगातून पाहिले तेव्हा एक गोष्ट खटकली. तड्याची रेघ सुईने ओढल्यासारखी तीक्ष्ण आणि किंचित नागमोडी असते. हिच्या कडा मात्र पसरट, शाई फुटलेल्या कागदावरच्या रेषेसारख्या होत्या. एवढ्यावरून मनात शंका येते, पण निष्कर्ष काढता येत नाही.

कार्यशाळेच्या प्रमुखाला बोलावले. त्याने दिवा स्वतःच्या हातात घेऊन रेघ पाहिली आणि फक्त 'पुढे काय?' एवढेच विचारले. पुढची पायरी सोपी वाटते ती लाल रंगाच्या डाय पेनेट्रंट चाचणीची, ज्यात रंग तड्यात झिरपतो आणि वरून फवारलेल्या पांढऱ्या भुकटीवर परत उमटतो. मदतनीस डबा आणायला निघालाच होता. मी त्याला थांबवले, कारण चुंबकीय चाचणीतले कण तड्यात अडकून बसले तर रंगाला आत शिरायला जागाच राहत नाही आणि कोरी भुकटी पाहून खोटा दिलासा मिळतो. ती चाचणी आम्ही नंतर, ॲक्सल द्रावकाने पुष्कळ वेळ धुऊन, केलीच आणि ती स्वच्छ आली. पण निर्णय तिच्यावर सोपवला नाही.

मला 'चुंबकीय लेखना'चा संशय होता. एखाद्या पोलादी भागात थोडे चुंबकत्व उरलेले असताना त्याला दुसरी कठीण पोलादी वस्तू घासली, तर त्या घासण्याची खूण धातूवर नाही, पण त्याच्या चुंबकत्वात राहते. कण तिथे जमतात आणि तडा नसताना तड्यासारखी रेघ दिसते. याच खांद्याला टेकून बेअरिंगची कठीण पोलादी कडी बसते, आणि गाडी सुटी करताना ती पुलर या अवजाराने ओढून काढलेली होती. चुंबकत्व मोजणारा छोटा काटा ॲक्सलजवळ नेताच हलला, म्हणजे आत चुंबकत्व उरलेले होते. योक चालू ठेवून तो पृष्ठभागापासून हळूहळू दूर ओढत नेला की ते उतरते. काटा शून्याशी येईपर्यंत मी हे करत राहिलो. मग सगळे पहिल्यापासून: ठोकळा उचलून पाहणे, अंधार, द्रव, एक दिशा, दुसरी दिशा. रेघ आली नाही. क्षेत्र वाढवून पाहिले, तरीही आली नाही. पोलाद निर्दोष होते.

मला वाटले, आता ॲक्सल बेअरिंगसह जागेवर जाईल. कार्यशाळेच्या प्रमुखाने मात्र त्याला लाल चिठ्ठी बांधून लाकडी पेटीत ठेवायला सांगितले. माझ्या निष्कर्षावर त्याचा विश्वास नव्हता असे नाही. त्याने मला विचारले, 'तुमच्या अहवालात ही घटना लिहिणार ना?' मी होकार दिला, तेव्हा तो म्हणाला की मग ती मोंतेलाही कळायला हवी, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत हा ॲक्सल गाडीत जाणार नाही. त्याच्या लेखी यंत्र विकले म्हणून निर्मात्याचा संबंध सुटत नव्हता, आणि उद्यानाचा तर मुळीच नाही. बोलता बोलता त्याने २०२३ साली कॅरोलायनामधल्या कॅरोविंड्स उद्यानात घडलेल्या प्रकाराचा उल्लेख केला. तिथला 'फ्यूरी ३२५' याच कंपनीचा, २०१५ चा, ९९ मीटर उंचीचा आणि ताशी सुमारे १५३ किलोमीटर वेगाने धावणारा. त्याच्या एका खांबाला आरपार गेलेला तडा उद्यानात आलेल्या एका पाहुण्याने टिपला, यंत्र बंद झाले, कंपनीकडून नवा खांब तयार होऊन आला आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा सुरू झाले. 'तिथे पाहुण्याने पाहिले, इथे तुम्ही पाहिलेत,' एवढेच तो म्हणाला. त्याचा रोख कोणाकडे होता हे मी विचारले नाही. माझ्यासारख्या तपासनिसाला तो टोमणाही वाटू शकतो आणि शाबासकीही.

पेटीतल्या ॲक्सलच्या जागी भांडारातून नवा काढण्यात आला. तो मूळ वेष्टनात, गंजरोधक तेलात माखलेला आणि कारखान्याच्या तपासणी-प्रमाणपत्रासह होता. संध्याकाळ झाली होती, बाहेर पुन्हा बर्फ पडू लागला होता आणि मदतनिसाने सामान आवरायला सुरुवातही केली होती. प्रमुखाने प्रमाणपत्र शांतपणे वाचून फाइलला लावले, ॲक्सलवरचे तेल स्वतः पुसले आणि तो माझ्या टेबलावर ठेवला. यंत्रात जाणारा प्रत्येक भाग तपासूनच जातो, नवा असला तरी, असे त्याने सांगितले. मी दिवे पुन्हा मालवायला लावले. दोन्ही दिशांनी पाहिले, चुंबकत्व उतरवले, काटा शून्यावर आणला आणि अहवालात त्याचा अनुक्रमांक पेटीतल्या ॲक्सलच्या अनुक्रमांकाखाली नोंदवला.