कार्ड चालेना

ह्यूस्टनजवळच्या एका बंदुकांच्या दुकानाचे हिशेब मी बघते. काल तिथलं कार्ड-पेमेंटचं खातं एका ईमेलवर बंद झालं. आधीच्या विक्रीचे पैसेही अडकलेत. दुकानाकडे फेडरल परवाना आहे, गिऱ्हाइकाच्या माहितीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरल्याशिवाय बंदूक कुणाच्या हातात देत नाहीत. तरी 'जोखमीचा धंदा'! २०१३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याच्या 'ऑपरेशन चोक पॉइंट' या मोहिमेमुळे अशा धंद्यांना दूर ठेवायचा बँकांवर दबाव आला होता. २०१७ मध्ये ते थांबलं, धास्ती राहिलीच. २०२२ मध्ये कार्डाच्या व्यवहारात बंदुकांची दुकानं ओळखू यावीत म्हणून ५७२३ हा वेगळा कोड मंजूर झाला. कॅलिफोर्नियाने तो सक्तीचा केला, टेक्सासने मना.

माझी मुलगी इथल्याच शाळेत जाते. गोळीबाराची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. बंदुकांवर कडक कायदा हवाच, पण तो विधिमंडळात व्हावा, पेमेंट कंपनीच्या ईमेलवर नाही. आज म्हातारे मालक रोकड मोजून दुकानातल्या पोरांचे पगार काढत होते. मला बघवलं नाही.