रात्री 11 वाजून 14 मिनिटं

पोलीस खात्यात कुणी वारलं की त्याची फाइल बनते आणि ती माझ्या टेबलावर येते. मी वर्दीतला नाही, लिपिक आहे, आस्थापनेला. बाहेरच्यांना वाटतं पोलीस ड्युटीवर असताना वारला म्हणजे तिरंगा, सलामी, टीव्हीवर बातमी आणि आठवडाभरात घरच्यांना चेक. तसं नसतं. आधी तो ड्युटीवर होता हे कागदावर उभं करावं लागतं. स्टेशन डायरीतली नोंद, ड्युटी वाटपाचा उतारा, एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, वारसांचे कागद, युनिटच्या वरिष्ठांचा अहवाल, आणि यातल्या कुठल्याही दोन कागदांवरच्या वेळा एकमेकींशी जुळल्या नाहीत की फाइल परत.

ज्या फाइलबद्दल लिहितोय ती एका ट्रॅफिक हवालदाराची. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. जुलैतली पावसाची रात्र, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एका फ्लायओव्हरच्या उताराला भरधाव गाडीने उडवलं, रिक्षावाल्याने हॉस्पिटलला नेलं, पहाटे गेले. गाडीवाला सीसीटीव्हीवरून सापडला, अटक झाली, गुन्ह्याच्या बाजूने काही राहिलं नव्हतं. मी फाइल घाईने पुढे पाठवली कारण आमच्याकडे 31 ऑगस्ट ही तारीख फार महत्त्वाची. 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. 1959 साली त्या दिवशी लडाखला हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले 10 पोलीस जवान गेले, त्यांच्या आठवणीचा दिवस. देशभर परेड होते, मुंबईत नायगावच्या मैदानावर, आणि आदल्या 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्टमध्ये देशभरात कर्तव्य बजावताना जे गेले त्यांची नावं एकेक करून वाचली जातात. त्या यादीत नाव यायचं तर कागद वेळेत पक्के व्हायला लागतात.

गणपती बसले आणि दोन दिवसांत वरून क्वेरी आली. शब्द मला पाठ आहेत. "सदर कर्मचाऱ्यास नेमून दिलेली ड्युटी 15.00 ते 23.00 अशी दिसून येते. अपघात 23.00 वाजेनंतर घडला आहे. तरी सदर मृत्यू कर्तव्यावर असताना झाला असे कोणत्या आधारे म्हणता येईल, याचा खुलासा करावा." कंट्रोलला अपघाताचा कॉल 23.21 ला आलेला. म्हणजे एकवीस मिनिटांचा प्रश्न. ज्या साहेबांनी हा शेरा मारला त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही असं म्हणणार नाही, राग आहे, कारण रात्री अकरा म्हणजे अकरा असं ट्रॅफिकमध्ये कधीच नसतं हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय पॉइंट सोडायचा नाही हा शिरस्ता आहे आणि तो तुम्हीच शिकवता. आठ तासांची ड्युटी हा चांगला निर्णय होता, 2016 साली दत्ता पडसलगीकर साहेब आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यापासून तो प्रयोग सुरू झाला, बायकापोरांनी नवऱ्याला, बापाला घरी बघितलं त्या काळात. पण माणसं कमी असली की आठाचे नऊ होतात, दहा होतात आणि वहीत मात्र आठच राहतात.

मी खुलाशात कायदा लावला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 28, रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस हा या कायद्याच्या सर्व प्रयोजनांसाठी कायम कर्तव्यावर असल्याचं मानलं जाईल. स्वच्छ लिहिलंय. याच कलमाच्या जोरावर आम्ही माणसांना रजेच्या तोंडावर थांबवतो, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावतो, रात्री दोन वाजता उठवतो. चार दिवसांत उत्तर आलं की हे मानणं "या कायद्याच्या प्रयोजनांपुरतं" आहे, आर्थिक लाभासाठी प्रत्यक्ष कर्तव्याचा पुरावा जोडावा. अक्षराच्या हिशेबाने त्यांचं चूक नव्हतं हे मला कळत होतं, तेच जास्त लागलं. काम करून घ्यायचं असतं तेव्हा चोवीस तास पोलीस, आणि तो मेला की घड्याळ काढायचं.

लिपिकाने ऑफिस सोडून चौकीवर जायचं नसतं. पत्र पाठवायचं, स्मरणपत्र पाठवायचं, वाट बघायची. पण पत्राला उत्तर येईपर्यंत ऑक्टोबर उजाडला असता, म्हणून मी साहेबांची तोंडी परवानगी घेतली आणि चर्चगेटहून फास्ट लोकल पकडली. विसर्जन तोंडावर, सगळे बंदोबस्तात, चौकीत एकच शिपाई आणि तोही एका पायावर. चौकी म्हणजे फ्लायओव्हरखालची पत्र्याची खोली, एक टेबल, पाण्याचा जार, ओल्या रेनकोटांचा वास आणि भिंतीवर ट्रॅफिक पोलीस विलास शिंदे यांचा हार घातलेला फोटो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, 2016 च्या ऑगस्टमध्ये खारला एका अल्पवयीन पोराला कागद विचारले म्हणून त्याच्या भावाने त्यांच्या डोक्यात लाकूड घातलं, आठवडाभराने लीलावती हॉस्पिटलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा शहर आठ दिवस हळहळलं आणि नंतर पुन्हा सिग्नलला मामांशी हुज्जत घालायला लागलं.

ड्युटीची वही बघितली. त्या दिवशीची ओळ होती, 15 ते 23, सही. सुटल्याची सही नव्हती, कशी असेल. पण सही नाही हा पुरावा धरत नाहीत. रिलीव्हरची नोंद 23.30 ची होती, तीही खाडाखोड केलेली. मी हताश होऊन वही मिटली आणि त्या शिपायाला सहज विचारलं की दादांचं ई-चलानचं मशीन कुठाय. तो म्हणाला जमा झालं, तुटलंय, स्क्रीन गेली. मशीन तुटलं तरी चलान तुटत नाही. माझ्या डोक्यात तेव्हा ते आलं आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो, लपवत नाही. ते मशीन म्हणजे एक छोटा फोनच असतो, ज्याचं लॉगिन त्याच्याच नावावर चलान पडतं, गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढावा लागतो, तारीख, वेळ, ठिकाण आपोआप बसतं आणि सगळं लगेच सर्व्हरला जातं. हाताने बदलता येत नाही.

संध्याकाळी यंत्रणा सांभाळणाऱ्या विभागात जाऊन बसलो. तिथल्या मॅडम, त्यांचे उपकार विसरणार नाही, सहा वाजून गेले तरी उठल्या नाहीत. लॉगिन टाकलं, तारीख टाकली, दिवसभराची चलानं एकाखाली एक. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने, पुन्हा सिग्नल. शेवटचं चलान 23.14. विनाहेल्मेट दुचाकी, 500 रुपये. फोटो उघडला. पावसाने चमकणारी नंबर प्लेट, लाल टेललाइट, खाली एक पाय, चप्पल घातलेला, चिखलाने भरलेला, आणि सीटवर डिलिव्हरीवाल्यांची असते ती चौकोनी पिशवी. मॅडम आणि मी दोघंही काही वेळ बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, प्रिंट किती काढू.

नुसती प्रिंट जोडली असती तर पुन्हा कुणीतरी विचारलं असतं की ही खरी कशावरून. म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र घेतलं, जुन्या लोकांना 65 ब म्हणून माहीत आहे ते. खात्यांतर्गत फाइलला ते लागतच नाही, कोर्टाला लागतं. तरी घेतलं. फटच ठेवायची नव्हती.

फाइलला एवढं पुरलं असतं. पण चलानावर मोबाइल नंबर होता आणि माझ्याच्याने राहवलं नाही. फोन केला, पोलीस ऑफिसमधून म्हटल्याबरोबर पलीकडून कट. दुसऱ्या दिवशी मेसेज केला की चलानासाठी नाही, ज्या मामांनी चलान फाडलं त्यांच्यासाठी बोलायचंय. रात्री त्याचाच फोन आला. जालन्याकडचा पोरगा, जोगेश्वरीला चौघांत खोली करून राहतो. जेवणाच्या सुट्टीत भेटलो, स्टेशनबाहेर. सुरुवातीला नुसता "साहेब माझं काय नाय ना त्यात" एवढंच. मी म्हटलं, घाबरू नको रे, तुझं काही नाही, तू फक्त काय झालं ते सांग.

तो म्हणाला मामांनी अडवलं तेव्हा मी रस्त्याच्या बाजूला उभा होतो, मामा म्हणाले इकडं आत ये, फुटपाथला लागून उभा राहा, गाड्या उतारावरून सुसाट येतात. गाडी आत घ्यायला लावली आणि स्वतः बाहेरच्या बाजूला उभं राहून मशीनमध्ये बघत होते. पोरगा गयावया करत होता की आज जाऊ द्या, पाचशे म्हणजे माझा दिवस जातो. आणि मामा हसून म्हणाले, "अरे माझा रिलीव्हर वेळेवर आला असता ना, तर तू सुटला होतास बघ." पावती त्याच्या फोनवर आली, तरी मामा त्याला हेल्मेटचं समजावत होते, गावाकडं कोण कोण असतं विचारत होते, मिनिटं जात होती. मग गाडी आली. त्याच्या हँडलला नुसता वारा लागला म्हणाला. रिक्षा त्यानेच हात करून थांबवली, मामांचे पाय त्याने उचलले, आणि नंतर घाबरून निघून गेला. तपासवाल्यांनी त्याला शोधलंच नाही, गाडी सापडल्यावर त्यांना त्याची गरज वाटली नाही. एवढी एक गोष्ट, चलानाच्या यादीत बघितलं असतं तर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळाला असता, गुन्ह्यालाही उपयोग झाला असता. तपास अधिकाऱ्यांना मी हे सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही, पण नंतर जबाब घेतला.

निघताना पोराने विचारलं, साहेब ते पाचशे भरायचे ना अजून. मी म्हटलं भर.

त्याच्या जबाबातलं रिलीव्हरचं वाक्य मी टिपणीत अवतरणात घातलं. लिपिकी भाषेत भावना चालत नाहीत, ते तथ्य म्हणूनच घातलं की कर्मचारी 23.14 नंतरही रिलीव्हरच्या प्रतीक्षेत पॉइंटवर कर्तव्य बजावत होता. फाइल मंजूर होऊन आली, एका ओळीत. पुरवणी यादीत नाव गेलं.

21 ऑक्टोबरला सकाळी नायगावला गेलो. सगळ्यांनी एकदा तरी ती परेड बघावी असं मला मनापासून वाटतं. बिगुल, शोक शस्त्र म्हटल्यावर उलट्या होणाऱ्या रायफली, आणि मग नावं. मणिपूर, छत्तीसगड, जम्मू-काश्मीर, सीआरपीएफ, बीएसएफ, राज्यामागून राज्य. त्या लांबलचक यादीत आपलं एक नाव यायला किती वेळ लागणार, दोन सेकंद. त्यांच्या मिसेस आणि मुलगी मंडपात पुढे होत्या. नाव आलं तसं मुलीने आईचा हात दाबला हे मी मागून बघितलं. वहिनींना मी नंतर भेटलो तर त्यांनी एकच विचारलं, "त्यांची ड्युटी संपली होती असं लोक म्हणत होते, ते खरं का हो?" म्हणजे ती क्वेरी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. कुणी पोहोचवली असेल, कशासाठी. मी सांगितलं, नाही वहिनी, संपली नव्हती, लेखी आहे माझ्याकडे.

दरवर्षी 26 नोव्हेंबरला तुकाराम ओंबळे यांच्या फोटोला फुलं वाहिली जातात आणि वाहिलीच पाहिजेत, हातात काठी असलेल्या माणसाने एके-47 ची नळी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या पण सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. पण गिरगाव चौपाटीला ते उभे होते ती नाकाबंदीच होती, रस्त्यावर बॅरिकेड लावून गाड्या थांबवायच्या. आजही मुंबईत रोज रात्री शेकडो लोक तसेच उभे असतात. समोरून येणाऱ्या गाडीत कोण आहे, प्यायलेलं आहे की आणखी काही, हे त्यांना काच खाली होईपर्यंत कळत नाही.

ही केस माझ्या डोक्यातून जात नाही त्याचं कारण आमच्या शेजारच्या टेबलवरचे जुने बाबू. फाइल मंजूर झाल्यावर पेढा खाताना ते म्हणाले, समजा मशीनची बॅटरी अकराला संपली असती तर? पावसात संपतेच. मग 23.14 कुठून आणलं असतंस? त्यांनीच मग सांगितलं की मशीनं यायच्या आधीची अशीच एक फाइल आहे, नाकाबंदीच्या पॉइंटवरचा शिपाई, ड्युटी संपल्यावर अर्ध्या तासाने ट्रकखाली. पुरावा नाही म्हणून शेरा पडला, कुणी अपील केलं नाही, बायको गावी निघून गेली.

ती फाइल मी रेकॉर्डमधून काढून घेतलीय. ड्युटीच्या वहीत काही नाही, ते बघून झालं. पण त्या शिपायाकडे वॉकी-टॉकी होता असं पंचनाम्यात एका ओळीत आहे, तुटलेला, रस्त्याच्या कडेला. म्हणजे तो अकरानंतर कंट्रोलशी बोलला असेल तर वायरलेसच्या लॉगबुकात त्याचा कॉल साइन, म्हणजे वायरलेसवरचं ओळखनाव, असणार. जुनी लॉगबुकं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, ते गेलं असेल तर संपलंच. नसेल तर आहे कुठेतरी गठ्ठ्यात. सोमवारी पत्र घेऊन स्वतः जाणार आहे.