नाते : पत्नी

२०२० चा जून. एसटी जवळपास बंद, ओपीडी निम्मी बंद. आम्हा समुपदेशकांना घरी बसून फोन करायचं काम लावलं होतं, आणि माझ्या वाट्याला सातारा जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची यादी आली होती. या जिल्ह्यात अशी यादी संपत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे इथं, नावातच फौज. तक्त्यात नाव, हुद्दा, पलटण, निवृत्तीचं साल, चालू औषधं असे रकाने. शेवटचा रकाना ‘फोनवर बोलणाऱ्याचे नाते’. तिथं मी दिवसभर ‘पत्नी’, ‘पत्नी’ लिहीत होते.

त्या दिवशीचा अकरावा फोन.

“झोप न्हाई बघा त्यांना. गोळी संपलीया.”

हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री, २०१९ ला पेन्शनीत. मग पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी, मार्चमध्ये गावी परत. दारूचं विचारलं. लॉकडाऊनमध्ये लष्कराची कॅन्टीन आणि दारूची दुकानं एकदम बंद झाली तेव्हा रोज पिणाऱ्यांचे फार हाल झाले. दारू अचानक सुटली की पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येतात, भास होतात, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मी लक्षणं एकेक करून विचारत होते, तर बाई शांतपणे म्हणाल्या, “ते एप्रिलातच झालं. दोन रात्री दाराला खाट लावून बसले हुते. पलीकडं कुणीतरी हाय म्हणायचे.”

“मग कुणाला बोलावलं?”

“कुणाला बोलवायचं? घाम, थरथर बघून गावानं कोरोनाच म्हटलं असतं.”

वीस मिनिटं मी त्यांच्या मालकांबद्दल विचारत राहिले. फोन ठेवणार इतक्यात गाय हंबरली. सहज विचारलं, कुठून बोलताय ताई?

“गोठ्यातनं. घरात बोलता येत न्हाई.”

आणि मग त्या बोलायला लागल्या. लग्न १९९९ चं. वर्षाची दोन महिने सुट्टी, मधेच आठ-दहा दिवस. पहिली मुलगी झाली तेव्हा ऑपरेशन पराक्रम चालू होतं, सगळी फौज सीमेवर. बारशाचा फोटो पोस्टानं पाठवला. क्वार्टर मिळालं ते एकदाच, बेळगावला, आठ महिने. “सगळं धरून पाच वर्षं सुदिक भरत न्हाईत मॅडम. मी वहीत मांडून बघितलंय.” आणि आता सलग तीन महिने. पहाटे पाचला घर उठवायचं, चपला रांगेत, किराण्याचा हिशेब रोज तपासायचा. वीस वर्षं पेरणी, सोसायटीचं कर्ज, सासऱ्यांचं आजारपण हिनं एकटीनं निभावलं. आता मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं तेही विचारून. मालक वाईट नव्हते. हात उगारत नव्हते, हे मी दोनदा विचारून घेतलं.

पंधरा ऑगस्टला आपण वीरपत्नींचा सत्कार करतो, करायलाच हवा. पण जिचा नवरा धडधाकट परत आला तिच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. तिचं सगळं चांगलंच झालं असं आपण धरून चालतो.

“तुम्हाला काय होतं?”

“छातीत धडधडतं. जीव घाबरा होतो. ईसीजीची पट्टी काढली, काय निघालं न्हाई.”

मग मी नऊ प्रश्नांची प्रश्नावली काढली. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप, भूक, थकवा... नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो मी मनातल्या मनात एकदा म्हणून मगच विचारते. बराच वेळ पलीकडून फक्त गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

“विहिरीवर मी आता जात न्हाई. पोरीला पाठवते पाण्याला.”

मी तक्ता बाजूला सारला. आज जावंसं वाटलं का, हे सरळ विचारलं. “आज न्हाई. परवा.” घरात विश्वासाचं कोण? धाकटी जाऊ. तिला हाक मारायला लावलं आणि ती येईपर्यंत लाइन सोडली नाही. फवारणीची औषधं जावेनं आपल्या खोलीत कुलपात ठेवायची ठरली. संध्याकाळी डॉक्टर फोनवर त्यांच्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी गावातल्या आशा सेविकेनं गोळ्या पोचवल्या. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मधे सोडायच्या नाहीत, हे मी तीनदा सांगितलं.

ईसीएचएसचं कार्ड आहे का, विचारलं. माजी सैनिकांच्या या योजनेत बायकोचं वेगळं कार्ड असतं. होतं. ट्रंकेत, साडीच्या घडीत, एकदाही न वापरलेलं.

“पुढच्या बुधवारी कधी करू फोन?”

“धारंच्या टायमाला. सहाला. त्या वक्ताला इकडं कुणी फिरकत न्हाई.”

फोन ठेवल्यावर तक्ता भरायला घेतला. हवालदारांचा सर्व्हिस नंबरसुद्धा माझ्याकडे होता. बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. मी पुन्हा फोन लावला.